हाताने रेखाटलेला थरांचा स्क्रीन प्रिंट : फिल्मवरच्या पहिल्या रेघेपासून सहीपर्यंत

लग्नपत्रिका, टी-शर्ट, झेंडे, दुकानांचे स्टिकर अशा कामांसाठी स्क्रीन प्रिंटिंग आपल्याकडे गल्लोगल्ली चालतं. तिथे संगणकावर तयार झालेली आकृती फिल्मवर काढतात आणि जाळीतून कागदावर उतरवतात. चित्रकार हीच साधनं वापरतो, पण त्याच्याकडे तयार मूळ चित्र नसतं. प्रत्येक रंगासाठी तो एक पारदर्शक फिल्म घेतो आणि तिच्यावर काळ्या शाईने रेखाटतो. पूर्ण चित्र पहिल्यांदा दिसतं ते कागदावर, थरावर थर बसल्यावर. म्हणून असा प्रिंट मूळ कलाकृती ठरतो. आधी केलेल्या जलरंगाचा फोटो काढून त्याचे रंग वेगळे करून छापले, तर ती प्रतिकृती होते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत चित्रकारांच्या अशा कामाला ‘सेरिग्राफ’ हे वेगळं नाव मिळालं, ते धंद्याच्या छपाईपासून ते निराळं ओळखता यावं म्हणून.

पुढची सगळी कृती एका उदाहरणावर बेतली आहे : पावसातलं कोकणातलं घर. जांभ्याची भिंत, मागे माड, वर भरून आलेलं आभाळ. चित्राचा आकार २८ × ३८ सेंमी, कागद ३८ × ५० सेंमी, पाच थर आणि २० प्रतींची आवृत्ती.

आधी थरांचा विचार

नवशिके बहुतेक वेळा रंगीत चित्र पूर्ण करतात आणि मग ‘यात किती रंग आहेत’ ते मोजतात. चौदा रंग निघतात, चौदा जाळ्या कराव्या लागणार म्हणून उत्साह मावळतो. मोजणी उलट बाजूने करायची. पारदर्शक शाईचे तीन थर एकमेकांवर पडले की कागदाचा पांढरा सोडून सात रंग मिळतात : तीन सुटे, तीन दोघादोघांच्या मिश्रणाचे आणि एक तिन्ही मिळून. चौथा पारदर्शक थर आला की पंधरा.

आपल्या चित्रात पिवळा, तांबडा आणि निळा हे पायाचे थर. पिवळ्यावर निळा पडतो तिथे माडाच्या झावळ्या, पिवळ्यावर तांबडा पडतो तिथे उन्हातला जांभा, तांबड्यावर निळा पडतो तिथे भिंतीचा ओला, सावलीतला भाग. चौथा थर ढगांचा राखाडी, तो आभाळापुरता न ठेवता अंगणातल्या पाण्यावरही थोडा उतरवायचा, म्हणजे वर-खाली नातं जुळतं. पाचवा गडद रेषांचा. या शेवटच्या थराला बहुतेक जण फार काम देतात आणि चित्र रंग भरलेल्या चित्रकथेसारखं दिसू लागतं. आकार रंगांच्या कडांनी उभा राहत असेल तिथे रेघ काढू नये.

प्रत्यक्ष आकाराचा एक पेन्सिलचा आराखडा करा. त्याच्या चारही बाजूंना मध्यावर अधिक चिन्हाची (+) बारीक खूण काढा. हा आराखडा टेबलाला चिकटवला की पाचही फिल्म त्याच्यावरच ठेवून रेखाटायच्या आणि चारही खुणा प्रत्येक फिल्मवर उतरवायच्या.

फिल्मवरचं रेखाटन

दोन्ही बाजूंनी खरबरीत असलेली मॅट पॉलिएस्टर ड्राफ्टिंग फिल्म घ्या. ट्रेसिंग पेपर स्वस्त पडतो, पण ओली शाई लागली की चुणतो आणि दमट हवेत फुगतो. मोठ्या चित्रात एका फिल्मपासून दुसरीपर्यंत एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला, की थर कधीच जुळत नाहीत. पॉलिएस्टरवर हवेतल्या ओलाव्याचा परिणाम जवळजवळ होत नाही.

फिल्मवर रंगाचा प्रश्नच नसतो. जिथे काळं, तिथे शाई उतरणार. जिथे कोरं, तिथे नाही. पिवळा थरसुद्धा काळ्यानेच रेखाटायचा. ही फिल्म पुढे इमल्शन, म्हणजे अतिनील प्रकाशाने कडक होणारा लेप, चढवलेल्या जाळीला लावून उजेड देतात; काळ्या रेघेआडचं इमल्शन मऊ राहतं, धुताना निघून जातं आणि तिथली भोकं शाईला उघडी होतात. म्हणून एकच अट : रेघेतून अतिनील प्रकाश आरपार जाता कामा नये. डोळ्याला काळं दिसणं पुरेसं नसतं. लिहिण्याच्या पातळ निळसर काळ्या शाईतून प्रकाश झिरपतो, उलट फिल्म दुरुस्तीची लालसर ओपेक शाई डोळ्याला फिकी वाटली तरी अतिनील प्रकाश चांगला अडवते. फिल्म उजेडासमोर धरा. ब्रशच्या फटकाऱ्यात मधूनमधून उजेड दिसला, तर तिथे दुसरा हात द्या.

सपाट भागांना ओपेक शाई किंवा मॅट काळा ॲक्रिलिक. पोस्टर रंग नको, वाळल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात. शाई फिल्मवर थेंब धरून आक्रसत असेल, तर फिल्मला बोटांचं तेल लागलेलं असतं. थोडी टाल्कम पावडर चोळून पुसून घ्या, किंवा शाईत भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला. खडबडीत, दाणेदार पोतासाठी लिथो क्रेयॉन किंवा काचेवर लिहायची तेलकट काळी पेन्सिल. फिल्मच्या दाण्यावर क्रेयॉन घासला की रेघ आपोआप बारीक ठिपक्यांत फुटते, आणि हे ठिपके पूर्ण काळे असतात. जांभ्याच्या भिंतीसाठी याहून चांगली युक्ती आहे : चिऱ्याच्या सपाट बाजूवर फिल्म ठेवून वरून क्रेयॉन आडवा फिरवायचा. दगडाची भोकं, उंचवटे जसेच्या तसे उठतात. गोणपाट, पॉलिश पेपर, टोपलीचा तळ यांनीही असे पोत मिळतात. पांढरी रेघ हवी असेल तिथे वाळलेल्या शाईवर ब्लेडच्या टोकाने खरवडा. पावसाच्या तिरक्या सरी अशाच काढाव्या, ब्रशने रेघांमधली जागा सोडत बसू नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती धुवट छटांमध्ये. पाणी घालून पातळ केलेल्या शाईची करडी छटा फिल्मवर सुंदर दिसते, पण इमल्शनला करडं कळत नाही. तिथे ते अर्धवट कडक होतं, धुताना एका ठिकाणी निघून जातं आणि दुसऱ्या ठिकाणी राहतं. ढगांना मऊ उतार हवा असेल, तर छटा दाण्यांतून यायला हवी. खरबरीत फिल्मवर दाट रंगकणांची काळी शाई पाण्यात सोडून आडवी वाळू दिली, की कण दाण्यांच्या खळग्यांत जमतात आणि मधली जागा मोकळी राहते. त्यातला जो भाग भिंगाखाली ठिपक्यांचा दिसेल तोच छापला जाईल. जो भाग एकसलग करडा दिसेल, त्यावर क्रेयॉनने दाणे चढवा.

रांगोळीच्या पत्र्याच्या छाप्यात मधला तुकडा सुटा ठेवता येत नाही, त्याला कुठेतरी पट्टी जोडावी लागते. इथे जाळीच सगळे सुटे तुकडे धरून ठेवते, त्यामुळे ठिपका, कडं, बेट काहीही बिनधास्त काढावं. मात्र शेजारच्या दोन रंगांच्या कडा काटेकोर भिडवायचा हट्ट धरू नये. गडद रंग फिक्यावर अर्धा ते एक मिलिमीटर चढू द्या. नाहीतर कागद जरासा हलला की मधून पांढरी चीर दिसते.

फ्रेम आणि जाळी

फ्रेम चित्राहून सढळ मोठी हवी : दोन्ही बाजूंना किमान ८ ते १० सेंमी, आणि स्क्विजी (जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी) जिथे सुरू होते व थांबते त्या टोकांना १२ ते १५ सेंमी. आपल्या चित्राला आतून ४८ × ६५ सेंमीची फ्रेम पुरते. लाकडी फ्रेम चालते, पण वारंवार धुतल्याने ती मुरडते. पाच थरांच्या कामाला ॲल्युमिनियमची घ्यावी. जाळी सगळीकडे सारखी ताणलेली असावी. टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज आला पाहिजे, बोटाने दाबल्यावर झोळ पडता कामा नये. सैल जाळी स्क्विजीबरोबर पुढे सरकते आणि प्रत्येक प्रतीत वेगळी सरकते; मग जुळणी कितीही केली तरी उपयोग नाही.

कागदावरच्या कामाला सपाट रंगांसाठी ७७टी, क्रेयॉनच्या दाण्यांसाठी ९०टी आणि फार बारीक छटांसाठी १२०टी. हे आकडे दर सेंटिमीटरमधल्या धाग्यांचे. दुकानात बरेचदा इंचाचा हिशेब चालतो, तिथे हेच अनुक्रमे १९५, २३० आणि ३०५ होतात. नुसतं ‘१२० ची द्या’ म्हटलं आणि दुकानदाराने इंचाची दिली, तर हातात कापडाच्या छपाईची भरड जाळी येते आणि क्रेयॉनचे निम्मे दाणे गळतात.

इमल्शन चढवणं

नवी जाळीसुद्धा आधी डीग्रीझरने किंवा सौम्य लिक्विड साबणाने धुवा. तेलकट जागी इमल्शन धरत नाही आणि नंतर तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. डायझो इमल्शन वापरा. सोबतची पूड सांगितलेल्या पाण्यात विरघळवून डब्यात मिसळायची आणि बुडबुडे जाईपर्यंत काही तास ठेवायचं. काही छोट्या कारखान्यांत अजून बायक्रोमेट मिसळलेलं द्रावण चालतं. ते स्वस्त आहे, पण बायक्रोमेट कर्करोगकारक आहे आणि त्वचेवर कायमची ॲलर्जी धरवतं. घरच्या कामाला ते आणूच नये.

खोलीत पिवळा दिवा पुरे. कोटिंग ट्रफने (इमल्शन पसरवायच्या पन्हळीने) आधी छपाईच्या, म्हणजे कागदाकडच्या बाजूला एक हात द्या, मग स्क्विजीच्या, म्हणजे आतल्या बाजूला एक. क्रम महत्त्वाचा आहे, कारण शेवटचा हात इमल्शनला छपाईच्या बाजूकडे ढकलतो आणि तिथे गुळगुळीत थर बसतो. फ्रेम आडवी, छपाईची बाजू खाली ठेवून अंधारात पंख्याखाली वाळवा. कोरड्या हवेत एक-दोन तास लागतात. पावसाळ्यात रात्रभर ठेवूनही आतून ओल राहू शकते, आणि पावसाळ्यातल्या बहुतेक ‘बिघडलेल्या’ इमल्शनचं कारण तेच असतं : ओलं इमल्शन प्रकाशाने पुरतं कडक होत नाही आणि धुताना सगळं वाहून जातं. बंद खोलीत डीह्युमिडिफायर किंवा लांब ठेवलेला हीटर लावावा. हवा ४० अंशांपुढे तापू देऊ नये.

एक्सपोजर

काचेवर फिल्म ठेवा, रेखाटलेली बाजू वर, चित्र सुलट. तिच्यावर फ्रेम, छपाईची बाजू खाली. म्हणजे शाईची रेघ थेट इमल्शनला टेकते आणि चित्र उलटं करण्याची गरजच पडत नाही. फ्रेमच्या आत काळा स्पंज, त्यावर फळी आणि ८-१० किलो वजन. काच आणि जाळी यांच्यात फट राहिली, तर प्रकाश कडेने आत शिरतो आणि बारीक दाणे बुजतात.

उजेड खालून येतो. अतिनील एलईडी किंवा एक्सपोजरच्या ट्यूब, काहीही चालेल, पण किती वेळ द्यायचा ते पुस्तकात शोधू नका. दिवा, जाळी, इमल्शनची जाडी या सगळ्यांवर ते ठरतं. एका छोट्या फ्रेमवर क्रेयॉनच्या दाण्यांची पट्टी ठेवा आणि पुठ्ठा टप्प्याटप्प्याने सरकवत १, २, ३, ४, ५ मिनिटांचे पट्टे घ्या. धुतल्यावर ज्या पट्ट्यात आतल्या बाजूला इमल्शन बुळबुळीत लागत नाही आणि दाणेही उघडे राहतात, तो तुमचा वेळ. दिवा दुप्पट लांब नेला तर वेळ चौपट लागतो. उन्हातही एक्सपोजर होतं, पण सकाळचं ऊन आणि दुपारचं ऊन यांत फरक असतो. पाच थर सारखे हवे असतील तर दिवाच बरा.

लगेच दोन्ही बाजू पाण्याने भिजवा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, मग हलक्या फवाऱ्याने छपाईच्या बाजूने धुवा. चित्र उघडत नसेल तर वेळ जास्त झाला, किंवा कोटिंग करताना कुठूनतरी उजेड लागला. सगळंच विरघळत असेल तर वेळ कमी किंवा इमल्शन ओलं. वाळल्यावर जाळी उजेडासमोर धरून भोकं ब्लॉकआउटने बुजवा आणि फ्रेमच्या कडा टेपने बंद करा.

कागद

२५० ते ३०० जीएसएमचा सुती, गुळगुळीत आणि चांगलं सायझिंग (शाई फार शोषू न देणारी खळ) असलेला कागद. पातळ कागद पाण्याच्या शाईने चुणतो. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा हातकागद या कामात फार देखणा दिसतो, पण दाबून गुळगुळीत केलेला निवडा आणि एक चाचणी घ्या : चिकटपट्टी लावून ओढल्यावर तंतू उपटले तर तो कागद जाळीला चिकटणार. हातकागदाची कड वेडीवाकडी असते, तिचा आधार घेऊन जुळणी होत नाही. अशा कागदाच्या मागच्या बाजूला, कडेबाहेर डोकावणाऱ्या सरळ कापलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या तात्पुरत्या चिकटवा आणि खुणांना त्या टेकवा.

२० प्रतींसाठी ३० कागद कापा. दर थराला एक-दोन वाया जातातच. छपाईच्या खोलीत ते किमान एक दिवस सुटे पसरून ठेवा. कागद हवेतलं पाणी घेतो आणि वाढतो. श्रावणात सकाळी पहिला थर छापला आणि चौथ्या दिवशी कडक उन्हात दुसरा, तर एका कोपऱ्यात जुळलेलं चित्र दुसऱ्या कोपऱ्यात जुळणार नाही, आणि दोष तुमच्या हाताचा नसेल.

शाई

ॲक्रिलिक रंग आणि स्क्रीन प्रिंटिंग मीडियम समप्रमाणात मिसळले की झाकणारी शाई होते. ती ढगांना आणि गडद रेषांना. पारदर्शक थरांना एक भाग रंगाला सहा ते नऊ भाग मीडियम किंवा ट्रान्सपरंट बेस. ट्यूबवरची रंगद्रव्यं वाचून घ्या. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा त्यात असेल, तर मिश्रण खडूसारखं दिसेल आणि खालचा रंग झाकला जाईल. डब्यात दिसणाऱ्या रंगावर जाऊ नका. बोटाने कागदावर पातळ फासा, वाळवा, मग बघा.

पूर्ण भरलेल्या या आकाराला एका प्रतीमागे ३ ते ४ मिली शाई लागते. ३० प्रतींचे १२० मिली, शिवाय जाळीवर कायम राहणारी ५०-६०. म्हणून थरामागे २०० मिली कालवा. मध्येच संपली तर तोच रंग पुन्हा तंतोतंत कालवणं जवळजवळ अशक्य असतं. घट्टपणा बासुंदीचा : चमच्यावरून सलग ओघळावी, टपटप गळू नये. उन्हाळ्यात ५ टक्के रिटार्डर, म्हणजे शाईचं वाळणं लांबवणारं द्रव्य, घाला. १० टक्क्यांपुढे गेलात तर शाई वाळतच नाही.

छापणं

फ्रेम बिजागरीच्या क्लॅम्पमध्ये बसवा आणि पुढच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून, मागची बाजूही तेवढीच उचलून, कागद व जाळीत २-३ मिमी अंतर ठेवा. स्क्विजी सरकली की तिच्या मागे जाळीने कागद सोडला पाहिजे. अंतर नसेल तर जाळी चिकटून राहते आणि कडा फुटतात. हे अंतर पाचही थरांना सारखं ठेवा, कारण दाबाने जाळी ताणली जाते आणि चित्र किंचित लांबतं. सगळ्या थरांत सारखं लांबलं तर कळत नाही.

जुळणीसाठी टेबलाच्या एका कडेला ॲसिटेटचा मोठा पत्रा पडद्यासारखा टेपने जोडा. त्याच्यावर नव्या थराचा एक ठसा घ्या, आधीचा थर छापलेला कागद त्याच्याखाली सरकवा, चारही खुणा जुळवा, ॲसिटेट बाजूला करून कागदाच्या कडेला जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या टेबलावर चिकटवा : दोन लांब बाजूला, एक आखूड बाजूला. प्रत्येक कागद याच तीन पट्ट्यांना आणि पाचही थरांत त्याच दोन कडांनी टेकला पाहिजे. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने बाण काढून ठेवा, म्हणजे कागद उलटा बसत नाही.

स्क्विजी चित्राहून दोन्ही बाजूंना २-३ सेंमी रुंद, मध्यम कडक, ७० शोरच्या आसपासची, धार सरळ. जाळी वर उचलून हलक्या हाताने शाई पसरवा, म्हणजे भोकं भरतील. मग खाली टेकवून ६० ते ७५ अंशांत एका दमात ओढा. मध्ये थांबलात तर तिथे आडवी रेघ उमटते. पहिले तीन-चार ठसे रद्दीवर. जाळी वर उचलताच लगेच पुन्हा शाई पसरवा आणि मगच कागद काढा. हा क्रम चुकला की उघडी भोकं पंख्याच्या वाऱ्याने दोन मिनिटांत बंद होतात. छपाई चालू असताना पंखा बंदच ठेवा.

कडा पसरल्या तर शाई पातळ आहे किंवा जोर जास्त लागतोय. चित्र फिकट, तुटक येत असेल तर शाई वाळतेय. रद्दीवर दोन जोरदार ठसे घ्या, नाहीच उघडलं तर छपाईच्या बाजूने ओलं फडकं फिरवून पुन्हा रद्दीवर छापा. एकाच बाजूला फिकं येत असेल तर दोन हातांचा दाब सारखा नाही.

आपल्या चित्रात क्रम असा : पिवळा, तांबडा, निळा, राखाडी, गडद. प्रत्येक थर वाळायला तासभर, पावसाळ्यात पुढचा दिवस. दुसऱ्या थरानंतर थांबून चित्र नीट बघा. जांभा अपेक्षेपेक्षा जास्त भगवा आला असेल, तर निळ्याची फिल्म अजून बदलता येते, शाई फिकी करता येते. हातरेखाटनाच्या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे, आणि पाचही जाळ्या आधीच उघडून ठेवल्या तर तो गमावला जातो. शेवटची फिल्म चौथा थर कागदावर दिसेपर्यंत रेखाटूच नये.

धुणं, सही, जपणूक

छापून होताच जाळी थंड पाण्याने धुवा. ॲक्रिलिक एकदा वाळलं की भोकांतून निघत नाही. इमल्शन काढायची पूड पाण्यात विरघळवून दोन्ही बाजूंना लावा, दोन-तीन मिनिटांनी जोरदार फवारा मारा. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे द्रावण जाळीवर वाळू देऊ नका, वाळलं तर उरलेलं इमल्शन कायमचं घट्ट होतं आणि जाळी फेकावी लागते. आवृत्ती संपल्यावर इमल्शन काढलं, म्हणजे त्या आवृत्तीला पुढे प्रती जोडता येत नाहीत. फिल्म शिल्लक असतील तर त्यांच्यावर आडवी रेघ खरवडा.

सगळ्या प्रती शेजारी मांडून निवडा. जुळणी एक मिलिमीटरहून जास्त चुकलेली प्रत आवृत्तीत घेऊ नये. खाली पेन्सिलने डावीकडे १/२०, २/२० असा क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि वर्ष. दोन प्रती कलाकाराच्या म्हणून ‘ए.पी.’ लिहून वेगळ्या ठेवायची पद्धत आहे. ॲक्रिलिक शाई कोरडी वाटली तरी उन्हाळ्यात दाबाखाली एकमेकांना चिकटते, म्हणून आठवडाभर प्रती सुट्या ठेवा आणि नंतर प्रत्येकीमध्ये आम्लमुक्त ग्लासिन कागद घालून आडव्या रचा.